पडद्यामागील खेळाडू

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर आरोग्य, शिक्षण, उद्योगधंदे, विवाहखर्चातील काटकसर अशा अनेक उपयुक्त विषयांवर व्याख्याने झाली आहेत. त्या परंपरेत ‘संगणकावरील खेळ हाच ज्याचा व्यवसाय, त्याचे जीवन’ हा विषय पाहून काही श्रोत्यांच्या कपाळावर आठ्या पडणे स्वाभाविक आहे. तथापि हा विषय आता आपल्या घराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला आहे, किंबहुना तो उंबरठा ओलांडून आत आला आहे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा जेवणाच्या पानावर शांतपणे सांगतो की, ‘मला महाविद्यालयात जावयाचे नाही, मी व्यावसायिक खेळाडू होणार.’ अशा वेळी वडील संतापतात, आई रडते, आजोबा ‘आमच्या वेळी’ म्हणून सुरुवात करतात. आणि मुलगा दार लावून घेतो. मुलाच्या डोळ्यांपुढे असतो तो विजेत्याच्या हातातील करंडक. वडिलांच्या डोळ्यांपुढे असतो तो वाया गेलेला शेजारचा पोरगा. ह्या दोहोंच्या मध्ये जे खरे जीवन आहे, ते कोणीच पाहिलेले नसते. ते जीवन आपणांपुढे मांडावे, एवढाच माझा आजचा हेतू आहे. मुलांस उत्तेजन द्यावे किंवा त्यांस भय घालावे, असा माझा उद्देश नाही.

ह्यासाठी मी उदाहरण घेणार आहे ते दक्षिण कोरियाचे. कारण ह्या व्यवसायाला शिस्त, नियम आणि प्रतिष्ठा प्रथम लाभली ती त्या देशात. १९९७ साली त्या देशावर मोठे आर्थिक संकट कोसळले. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच सुमारास सरकारने जलद इंटरनेटचे जाळे देशभर पसरविण्यास आरंभ केला होता. गल्लोगल्ली ‘पीसी बांग’ निघाले. ‘बांग’ म्हणजे खोली. थोडक्या पैशांत तासभर संगणक वापरावयास मिळण्याची ही जागा. १९९८ साली ‘स्टारक्राफ्ट’ नावाचा अमेरिकन खेळ आला आणि ह्या खोल्यांतून तरुणांची गर्दी उसळली. २००० साली तेथे ह्या क्रीडेची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि निव्वळ ह्या खेळांना वाहिलेली दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली. २००४ साली बुसान शहरातील ग्वांगाली समुद्रकिनाऱ्यावर झालेला अंतिम सामना पाहण्यास सुमारे एक लाख लोक जमले होते असे संयोजकांनी सांगितले. पुढे २००७ साली तर त्या देशाच्या वायुदलाने आपला स्वतःचा संघ उभा केला. ह्यावरून तेथील समाजाने ह्या गोष्टीकडे किती गांभीर्याने पाहिले, हे ध्यानात येईल.

आता प्रत्यक्ष खेळाडूकडे वळू. त्याचे नाव ली सांग-ह्योक. खेळाच्या जगात तो ‘फेकर’ ह्या नावाने ओळखला जातो. १९९६ साली सोल शहरात त्याचा जन्म झाला. वडील आणि आजी ह्यांनी त्याला वाढविले. २०१३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, माध्यमिक शाळा सोडून तो एका संघात दाखल झाला; तोच संघ आज ‘टी वन’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी त्याने जगज्जेतेपद मिळविले. नंतर २०१५, २०१६, २०२३, २०२४ आणि २०२५ ह्या सालीही त्याच्या संघाने तो मान संपादन केला. सहा वेळा जगज्जेता झालेला असा दुसरा खेळाडू ह्या खेळात नाही. आपली मुले ज्याचे चित्र भिंतीवर लावतात, तो हाच. परंतु ह्या सहा तारखांच्या मधले दिवस कसे गेले, हे भिंतीवरच्या चित्रात दिसत नाही.

खेळाचे नाव ‘लीग ऑफ लेजेंड्स’. तो थोडक्यात सांगतो. दोन्ही बाजूंस पाच-पाच खेळाडू असतात. पटावर तीन मुख्य वाटा असतात आणि त्यांच्या मधोमध रान असते. प्रतिपक्षाचे बुरूज पाडीत त्याच्या तळाचा मध्यबिंदू उद्ध्वस्त करावयाचा, हा डाव. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. प्रत्येक खेळाडू आरंभी एक पात्र निवडतो. अशी पात्रे सुमारे १७० आहेत आणि प्रत्येकाचे सामर्थ्य व दुर्बलता निराळी. प्रत्यक्ष खेळापूर्वीच दोन्ही पक्ष प्रत्येकी पाच पात्रे बाद करतात आणि उरलेल्यांतून आळीपाळीने निवड करतात. बुद्धिबळात आरंभीच्या खेळींचे जे महत्त्व, तेच ह्या निवडीचे.

बुद्धिबळाशी साम्य येथेच संपते. बुद्धिबळाचा घोडा पिढ्यान्‌पिढ्या अडीच घरेच चालत आला आहे. ह्या खेळात मात्र खेळ तयार करणारी कंपनी दर दोन आठवड्यांच्या सुमारास नियमांत फेरफार करते. कोणाची शक्ती वाढविते, कोणाची घटविते. ह्या फेरफाराला ‘पॅच’ म्हणतात. परवापर्यंत घोटून घेतलेली विद्या आज निरुपयोगी ठरते. २०२५ पासून आणखी एक अट आली. एकाच प्रतिपक्षाशी चाललेल्या डावांच्या मालिकेत एकदा वापरलेले पात्र पुढील डावांत कोणासही घेता येत नाही. म्हणजे पाच डावांची लढत शेवटपर्यंत रंगली, तर पाचव्या डावाच्या वेळी चाळीस पात्रे आधीच बाद झालेली असतात. ज्याने दोन-तीन पात्रांवरच हात बसविला, तो तेथे उघडा पडतो. असा हा अभ्यासक्रम. दर पंधरवड्याला बदलणारा, आणि परीक्षा मात्र आठवड्याला.

आता दिनक्रम ऐका. कोरियातील व्यावसायिक संघांचा रिवाज साधारण असा आहे. खेळाडू सकाळी उशिरा, दहा-अकराच्या सुमारास उठतात. दुपारी एकच्या सुमारास दुसऱ्या एखाद्या संघाशी सराव-सामने सुरू होतात. त्यांना त्यांच्या बोलीत ‘स्क्रिम’ म्हणतात. दोन-तीन डाव झाले की खेळाचे चित्रण पुन्हा लावून शिक्षकासमवेत चुकांची चिकित्सा होते. नंतर जेवण. संध्याकाळी पुन्हा तीन-चार तास सराव-सामने, पुन्हा चिकित्सा. रात्री दहानंतर संघाचे काम संपते आणि प्रत्येकाचा स्वतंत्र सराव चालू होतो. अनोळखी प्रतिस्पर्ध्यांशी मानांकनासाठी एकट्याने डाव खेळावयाचे, ते मध्यरात्र उलटून दोन-तीन वाजेपर्यंत. दिवसाचे बारा-चौदा तास ह्याप्रमाणे जातात. मुलास जो खेळ ‘मौज’ म्हणून आवडतो, तोच ह्या प्रमाणात केला असता मौज कोठपर्यंत टिकते, ह्याचा विचार ज्याचा त्याने करावा.

ह्या सरावात जिंकण्यापेक्षा चुकीचे कारण शोधणे अधिक मोलाचे मानले जाते. तिसाव्या मिनिटाला झालेल्या पराभवाचे मूळ कित्येकदा चौथ्या मिनिटाला एका खेळाडूने उशिरा दिलेल्या इशाऱ्यात सापडते. तो इशारा का उशिरा दिला, तो कोणी ऐकला नाही, ऐकून का मानला नाही, ह्याची सर्वांसमक्ष छाननी होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलास चार सवंगड्यांपुढे रोज आपल्या चुका ऐकून घ्याव्या लागतात आणि दुसऱ्या डावात त्याच सवंगड्यांवर विसंबावे लागते. हाताच्या चापल्याइतकीच ही सोशिकता आवश्यक असते, आणि ती कोणत्याही यंत्राबरोबर विकत मिळत नाही.

प्रारंभीच्या काळात हे संघ एकाच घरात राहत. निजण्यास एका खोलीत तीन-चार खाटा, दिवाणखान्यात ओळीने संगणक आणि स्वयंपाकासाठी एखादी मावशी. आपल्याकडील जुन्या नाटक मंडळ्यांची बिऱ्हाडे ज्यांनी पाहिली किंवा वडिलांकडून ऐकली असतील, त्यांस हे चित्र अपरिचित वाटणार नाही. तेथेही मालक, तालीममास्तर, आचारी आणि कोवळ्या वयात घर सोडून आलेली मुले एकाच छपराखाली राहत. एकाच्या आजारपणाने सर्वांचा खेळ अडे. आता बहुतेक मोठ्या संघांनी राहण्याची जागा आणि सरावाची जागा वेगळी केली आहे. मुख्य शिक्षक, त्याचे सहायक, प्रतिपक्षाच्या खेळाचे टिपण काढणारे विश्लेषक, व्यवस्थापक असा परिवार प्रत्येक संघाभोवती असतो.

सामन्याच्या दिवशीचे काम तर आणखी निराळे. खेळाडू आपला कीबोर्ड आणि माउस बरोबर घेऊन येतो. गवयाला जसा आपलाच तंबोरा लागतो, तसे हे आहे. माउस किती हलविला असता पडद्यावरील बाण किती सरकतो, ह्याचे माप ज्याचे त्याचे ठरलेले असते आणि त्यात केसाएवढाही फरक चालत नाही. थंडीने बोटे आखडू नयेत म्हणून हातात उष्णतेच्या पुड्या धरून ही मुले बसलेली दिसतात. प्रेक्षकांचा आवाज ऐकू येऊन प्रतिपक्षाचा बेत कळू नये म्हणून कानांवर जाड श्रवणयंत्रे चढविलेली असतात. सामना संपला म्हणजे विश्रांती, असेही नाही. मुलाखती, चाहत्यांच्या भेटी, पुरस्कर्त्या कंपन्यांच्या जाहिरातींचे चित्रीकरण, आणि करारानुसार ठराविक तास आपला खेळ लोकांना थेट दाखविणे, ही कामे उभीच असतात.

ह्या श्रमांचे मोल शरीर देते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय पाहणीत अमेरिका व कॅनडा येथील महाविद्यालयीन संघांतील ६५ खेळाडूंस प्रश्न विचारण्यात आले. त्यांपैकी ५६ टक्क्यांना डोळ्यांचा शीण, ४२ टक्क्यांना मान-पाठीचे दुखणे आणि ३६ टक्क्यांना मनगटाची व्यथा होती. ४० टक्के खेळाडू कसलाही व्यायाम करीत नव्हते, आणि वैद्याकडे गेलेले होते अवघे दोन टक्के! चीनचा विख्यात खेळाडू जिआन त्सिहाओ ह्याने २०२० साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. मधुमेह आणि हाताचे दुखणे ही त्याची कारणे होती. पुढे तो काही काळ पुन्हा खेळला. परंतु ज्या वयात आपली मुले पहिल्या नोकरीचे अर्ज लिहीत असतात, त्या वयात त्याला मधुमेहाने गाठले होते, ही गोष्ट आईबापांनी विसरू नये. खुद्द फेकरलाही २०२३ च्या जुलैमध्ये हाताच्या दुखापतीमुळे काही आठवडे बसून राहावे लागले. त्या अवधीत त्याच्या संघाने आठांपैकी सात सामने गमावले. पाच जणांच्या संघात एका मनगटाचे मोल किती, हे त्यावरून दिसले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सोल येथे तो जगज्जेता झाला, हे लोक आनंदाने सांगतात. जुलै मात्र कोणी सांगत नाही.

मनाचे श्रम शरीराच्या श्रमांहून मोठे. २०१७ साली बीजिंगच्या भव्य क्रीडागारात अंतिम सामन्यात त्याचा संघ तीन-शून्य असा हरला. तेव्हा हा मुलगा खुर्चीवर बसल्या जागी ओंजळीत तोंड लपवून रडला आणि ते साऱ्या जगाने पाहिले. २०१६ च्या विजेतेपदानंतर पुढचे विजेतेपद मिळावयास त्याला सात वर्षे लागली. त्यात २०२२ सालचा अंतिम सामना तो पाचव्या डावात हरला होता. ह्या सात वर्षांत ‘आता हा संपला’ असे कितीदा म्हटले गेले असेल! ह्या व्यवसायात बहुतेक खेळाडू पंचविशीच्या आसपास बाजूला होतात. फेकर मात्र टिकला. २०२५ साली त्याचा करार २०२९ पर्यंत वाढविण्यात आला. वाचनाची त्याची आवड सर्वश्रुत आहे. शाळा लवकर सुटली असली, तरी पुस्तक त्याने सोडले नाही, हे आपल्या तरुण श्रोत्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे.

कोरियातील तरुणांस आणखी एक चिंता असते, ती म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेची. ती सुमारे दीड वर्षाची. ऐन उमेदीत दीड वर्ष हात थांबला की परतणे कठीण. हांगझोऊ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ह्या खेळास प्रथमच अधिकृत पदक मिळाले. कोरियाच्या संघाने सुवर्णपदक जिंकले आणि इतर खेळांतील विजेत्यांप्रमाणे त्या मुलांसही ह्या सेवेतून सूट मिळाली. त्या स्पर्धेत फेकर आजारपणामुळे फार थोडे खेळू शकला. मुख्य भार त्याच्या तरुण सहकाऱ्याने वाहिला.

ह्या उज्ज्वल चित्राची काळी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. २०१० साली कोरियात पैजेच्या पैशांसाठी ठरवून सामने हरल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि अकरा जणांवर आजन्म बंदी घालण्यात आली. २०१९ साली एका अल्पवयीन खेळाडूच्या अन्यायकारक करारावरून एवढा गहजब झाला की, दोन लाखांहून अधिक नागरिकांनी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे दाद मागितली. तदनंतर सरकारला नमुन्याचा करार तयार करावा लागला. २०११ पासून तेथे असा कायदाही होता की, सोळा वर्षांखालील मुलांनी मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत इंटरनेटवरील खेळ खेळू नयेत. दहा वर्षांच्या अनुभवानंतर तो रद्द करण्यात आला, आणि मुलांच्या खेळाच्या वेळेचा निर्णय आईबाप व मूल ह्यांच्याकडे परत गेला. कायद्याच्या कुलपाने जे साधले नाही, ते घरातील संवादानेच साधावे लागते, असा ह्याचा अर्थ मी घेतो.

भगिनींविषयी दोन शब्द. ह्या क्षेत्रात स्त्रियांची संख्या अद्याप फार थोडी आहे. त्यांस अवहेलनाही पुष्कळ सोसावी लागते. चीनची ली शियाओमेंग ही २०१९ साली ‘हार्थस्टोन’ ह्या पत्त्यांच्या धर्तीच्या खेळात जागतिक अंतिम स्पर्धा जिंकणारी पहिली स्त्री ठरली. पूर्वी एका स्पर्धेत ‘मुलींनी ह्या रांगेत उभे राहू नये’ अशा अर्थाचे बोल आपणांस ऐकावे लागले होते, हे तिने विजयानंतर सांगितले. आपल्या घरातील मुलीस ह्या खेळाची आवड असेल, तर जो विचार मुलासाठी करावयाचा तोच तिच्यासाठी व्हावा.

आता आपल्या देशाकडे येऊ. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धांत ई-क्रीडा प्रात्यक्षिक म्हणून झाली आणि भुज येथील तीर्थ मेहता ह्याने ‘हार्थस्टोन’मध्ये कांस्यपदक मिळविले. हांगझोऊला आपला ‘लीग ऑफ लेजेंड्स’चा संघ उपांत्यपूर्व फेरीत व्हिएतनामकडून पराभूत झाला. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ई-क्रीडेस बहुक्रीडा-स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता देऊन ती क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणली. २०२५ साली संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ एका बाजूस काढून त्यांवर बंदी घातली आणि ई-क्रीडेस त्यांपासून वेगळे मानले. हा भेद प्रत्येक घराने नीट समजून घ्यावा. कौशल्याची स्पर्धा निराळी आणि जुगार निराळा. मुलाच्या हातातील पडदा तोच असला, तरी त्यामागे काय चालले आहे, हे पाहणे आपले काम आहे.

त्याचबरोबर आपल्याकडील अनिश्चितताही पाहावी. २०२० च्या सप्टेंबरात ‘पबजी मोबाइल’ ह्या खेळावर सरकारने बंदी घातली. २०२१ साली तो नव्या नावाने आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा थांबला आणि २०२३ च्या मेमध्ये परतला. क्रिकेटची बॅट सरकारने बंद केली असे कधी घडत नाही. येथे मात्र ज्या खेळावर मुलाने चार वर्षे घालविली, तो एका सायंकाळी नाहीसा होऊ शकतो. कारण खेळाचे मैदानच एका कंपनीच्या मालकीचे असते.

मग आईबापांनी करावे काय? मी काही सूचना नम्रपणे करतो. पहिली ही की, मुलाबरोबर बसून एक सामना आरंभापासून अखेरपर्यंत पाहावा आणि त्याच्याकडूनच तो समजून घ्यावा. ज्याला आपण काहीच विचारले नाही, त्याला उपदेश करण्याचा अधिकार पातळ होतो. दुसरी, त्याच्याशी आकड्यांत बोलावे. कोरियाच्या सर्वोच्च साखळीत दहा संघ आणि प्रत्येकात पाच खेळाडू. म्हणजे अवघ्या पन्नास खुर्च्या. आपला मुलगा आज त्याच्या खेळाच्या मानांकनात नेमका कोठे आहे, हे लपत नाही; ते पडद्यावर लिहिलेले असते. ते त्याने स्वतः दाखवावे आणि वर्षभराची मुदत ठरवून प्रगती पाहावी. तिसरी, शिक्षण सोडण्याचा प्रश्न, निदान एखाद्या संघाचा लेखी करार हाती येईपर्यंत, उपस्थितच होऊ देऊ नये. आणि करार आला तर आपल्या मंडळातील वकील बंधूंस तो दाखविल्याशिवाय सही करू नये. चौथी, झोप, व्यायाम आणि डोळ्यांची तपासणी ह्या बाबतींत सूट देऊ नये. कोल्हापूरच्या तालमीतील वस्ताद पठ्ठ्याला जोर-बैठकांबरोबर खुराक आणि विसावा ह्यांचाही हिशेब शिकवितो. ज्या साधनेत विसाव्याचा हिशेब नाही, ती फार काळ टिकत नाही.

आणि अखेरची सूचना. ह्या पन्नास खुर्च्यांभोवती शिक्षक, विश्लेषक, समालोचक, चित्रणकार, पंच, व्यवस्थापक, शरीरोपचारतज्ज्ञ अशा कितीतरी जणांचे काम चालते. ज्या मुलाचा हात तेवढा जलद नाही, परंतु ज्याची दृष्टी तीक्ष्ण आहे, त्याला तेथेही स्थान असू शकते. मात्र त्या प्रत्येक कामास भाषा, गणित आणि इतर विद्या लागतेच.

मंडळाच्या चालकांसही माझी एक विनंती आहे. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, ते उचितच आहे. त्याच दिवशी एक तास असा ठेवावा की, ज्या तरुणांच्या मनात रूढ मार्गाहून निराळा मार्ग आहे, मग तो खेळाचा असो, संगीताचा असो वा आणखी कशाचा, त्यांनी आणि त्यांच्या पालकांनी जाणत्या मंडळींसमोर बसून मोकळेपणाने बोलावे. घरात जे बोलणे भांडणावर जाते, ते चार वडीलधाऱ्यांच्या समक्ष पुष्कळदा सुरळीत होते. ज्ञातिसंस्थेचा उपयोग लग्न जमविण्यापुरता नसून मुले हरवू नयेत ह्यासाठीही आहे.

फेकरच्या हातातील करंडक पाहून जो मुलगा हरखतो, त्याला करंडकामागच्या रात्री दाखवाव्या. त्या पाहूनही त्याचे पाऊल मागे सरले नाही, तर त्याची तळमळ खरी आहे असे समजून त्याच्या पाठीवर हात ठेवावा. आणि त्या पाहून त्याचे मन फिरले, तर त्याला हिणवू नये. आवड म्हणून खेळलेला खेळही आयुष्यात आनंद देतोच. दोन्ही वेळी त्याच्या घराचे दार उघडे असले पाहिजे.